सोनकांबळे सरांची बिनमार्कांची तुकडी

सोमवार आला की माझ्या बोटांना डिंक लागतो. रविवारी चाचणी, त्याच दिवशी तपासणी, आणि सोमवारी प्रार्थनेच्या आधी अकरा तुकड्यांच्या अकरा याद्या अकरा दारांवर चिकटलेल्या पाहिजेत. पहिला कोण, शेवटचा कोण, सगळं नावानिशी. यादीप्रमाणे त्या आठवड्याचे बाक ठरतात. वरची नावं पुढं, खालची मागं. मी शिकवतो मराठी, पण मला कॉम्प्युटर येतो हा माझा गुन्हा, म्हणून परीक्षा विभाग माझ्या गळ्यात पडला तो पडलाच. लातुरात याचं कुणाला नवल नाही. इथं चौकाचौकात क्लासच्या फ्लेक्सवर पोरांचे फोटो आणि फोटोखाली मार्क असतात. नाव बारीक, मार्क मोठे.

या अकरा दारांपैकी एक दार सबंध एक वर्ष मोकळं होतं, नववी 'ड'चं. ते मोकळं ठेवणाऱ्या सोनकांबळे सरांबद्दल सांगायचंय. आणि ते दार पुन्हा भरलं त्यात माझा हात किती, तेही सांगावं लागेल. लई वेळा टाळून पाहिलं. आता टाळायचाही कंटाळा आला.

सोनकांबळे सर गणिताचे. मूळचे धर्माबादकडचे. लहानपणी सुट्टीत आईबरोबर मिरचीच्या बाजारात देठं खुडायला जायचे, तिथं तेलंगणातल्या बायांच्या तोंडून मोजणी शिकले. मग बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, पण पेपरचा गठ्ठा मोजताना तोंडातून "ओकटि, रेंडु, मूडु" असंच यायचं. मराठीत मोजलं तर चुकतं म्हणायचे. अंगानं काटक, शर्टाचा खिसा कायम चिठ्ठ्यांनी फुगलेला. डब्यात रोज लाल चटणी, ती इतकी जहाल की स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी बसून जेवायची हिंमत फक्त मीच करायचो. बारा वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो. एवढ्या वर्षांत मला त्यांच्या घरचं फारसं कळलं नाही आणि वर्गातलं मात्र सगळं कळलं, कारण दुसरं ते काही बोलायचेच नाहीत.

पेपर तपासायची त्यांची रीत न्यारी. हातात पेन्सिल. पोरानं गणित सोडवलेलं असायचं, ते ओळीओळीनं वाचत जायचे आणि जिथपर्यंत बरोबर आहे तिथं आडवी रेघ मारायचे. रेघेशेजारी लिहायचे, "इथपर्यंत बरोबर. पुढं काय विचार केला?" बस्स. मार्क नाहीत, शेरा नाही, चांगलं-वाईट काही नाही. मार्क त्यांच्या वहीत असायचे, कारण ते नसते तर ऑफिसनं जगू दिलं नसतं. पण पोराच्या हातात कागद जायचा तो बिनआकड्याचा. पहिल्यांदा केलं तेव्हा पोरं वेड्यासारखी झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी रेघा मोजून आपापले मार्क काढले आणि आपसात यादीही केली. लातूरची पोरं ती! सर हसून हसून बेजार. म्हणाले, "बघा जाधव सर, इतकं गणित मी शिकवून सुद्धा केलं नसतं ह्यांनी."

मी विचारलं होतं, कामून हा उद्योग? मार्क द्या आणि मोकळे व्हा की.

"आकडा दिसला की लेकरू वाचायचं थांबतं," ते म्हणाले. "चांगला असला तर खुशीत थांबतं, वाईट असला तर रडत थांबतं. थांबतं मात्र नक्की."

हे त्यांचं मनानं काढलेलं नव्हतं. त्यांच्याकडं एक जाड फाईल होती. नेटवरून काढलेले इंग्रजी लेख, झेरॉक्स करून आणलेले. शब्दकोश घेऊन एकेक पान आठ-आठ दिवस वाचायचे. पोरं अभ्यासाला कशानं लागतात, कशानं उठतात, शेरा आणि आकडा शेजारी शेजारी दिला तर पोरं नेमकं काय बघतात, असलं सगळं त्यात. अडलं की माझ्याकडं यायचे. एकदा विचारलं, "फीडबॅकला मराठीत काय म्हणतात हो?"

"प्रत्याभरण," मी सांगितलं. सरकारी शब्द.

त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "असं म्हणलं तर लेकरं शाळा सोडून जातील."

तास संपताना ते एक स्टीलचा डबा वर्गातून फिरवायचे. ज्याला जे कळलं नाही त्यानं ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, नाव घालायचं नाही. मधल्या सुट्टीत चहा पिता पिता त्या चिठ्ठ्या वाचायचे आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्यावरून ठरवायचे. एका आठवड्यात रोज सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द येऊ लागला: समजलं. सरांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, अहो आनंद माना. तर म्हणाले, "सगळ्यांना सगळं समजलं म्हणजे मला काही समजेना झालंय." चार दिवसांनी शोध लागला. चिठ्ठीवर शंका लिहिली की सर दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा शिकवतात, आणि 'समजलं' लिहिलं की खेळाचा तास पदरात पडतो, हे पोरांनी हेरलं होतं. सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून खेळाचा तास आधी दिला आणि डबा मग फिरवला.

सगळ्यात मोठा गोंधळ झाला तो भिंतीपायी. 'ड' ही आमच्याकडची शेवटची तुकडी, आणि त्यातही मागच्या बाकावर बसणारी म्हणजे शाळेनं जवळपास सोडून दिलेली. सरांनी एका रविवारी स्वतः डबा-ब्रश आणून वर्गाच्या मागच्या भिंतीवर काळा रंग मारला. सोमवारी वर्गात आले, मागं गेले आणि तिथंच शिकवायला सुरुवात केली. पोरं उलटी वळून बसली. शेवटचा बाक पहिला झाला. फेरीवर आलेले मुख्याध्यापक दारातच थबकले. त्यांना आम्ही सगळे मोठे सर म्हणतो.

"सोनकांबळे, वर्गाला दोन तोंडं असतात का?"

"एकच असतंय सर. आजपर्यंत ह्यांच्याकडं पाठ होती त्याची."

मोठे सर काही वाईट माणूस नव्हेत. वरून संस्थेचा रेटा, खालून पालकांचा, आणि मधी ते. तेही बेजारच होते. म्हणाले, भिंत तेवढी पांढरी करा. सरांनी पांढरी केली. महिनाभरानं पुन्हा काळी झाली, तेव्हा मोठ्या सरांनी हात टेकले.

ही 'ड' तेव्हा आठवीत होती, आणि तिच्यात अश्विनी नावाची मुलगी होती. रेणापूरहून रोज एस.टी.नं यायची. यादीत तिचं नाव कायम शेवटच्या चारात असायचं, आणि दर सोमवारी ती यादी खालून वर वाचायची, म्हणजे लवकर सापडतं. सरांनी मला हे दाखवलं होतं. मी कितीतरी सोमवार त्याच दारापाशी डिंकाची बाटली घेऊन उभा होतो, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सरांच्या रेघा सुरू झाल्यावर ती तासाला प्रश्न विचारायला लागली. बारीक आवाजात, पण विचारायला लागली. एकदा तर तिनं पेपर परत आणून सरांना सांगितलं, तुमची रेघ एक ओळ वर पडलीय, मी आणखी एक ओळ बरोबर हाय. सरांनी बघितलं, खोडरबरानं रेघ पुसली आणि खाली ओढली. ती गोष्ट त्यांनी मला आठवडाभर रोज सांगितली.

पण वर्ग सुधारला तरी दारावर यादी लागतच होती, ती मीच लावत होतो. सर मोठ्या सरांकडं गेले आणि म्हणाले, 'ड'च्या दारावर यादी नको. एवढं एकच मागणं. नेमकं त्याच आठवड्यात अश्विनीचे वडील शाळेत आले. भला माणूस, धुतलेले कपडे, हातात मोटरसायकलची किल्ली.

"आमच्या पोरीला मार्क किती पडले ते सांगा सर. ती म्हणती, रेघ पडली."

सरांनी तिचा पेपर काढला, त्यांना शेजारी बसवून एकेक गणित दाखवलं, कुठं होती, कुठं आली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हाव, हे समदं खरं हाय. पण आकडा सांगा. गावात कुणी इचारलं तर मी काय रेघ सांगू?"

सरांनी पेपराची घडी घातली आणि त्यांना फाटकापर्यंत सोडून आले. 

शेवटी मोठ्या सरांनी तोडगा काढला: जूनमध्ये पोरं नववीत गेली की करून बघायचं. एक वर्ष. 'क' आणि 'ड' दोन्ही तुकड्या सारख्याच कच्च्या, दोन्हींना गणित सोनकांबळेच शिकवतात. 'क'ला नेहमीप्रमाणे मार्क आणि यादी, 'ड'ला रेघा आणि मोकळं दार. वर्षअखेर दोन्हींना एकच पेपर. 'ड' पुढं गेली तर पुढच्या वर्षी शाळाभर हीच पद्धत. मागं पडली तर यादी परत, आणि तो विषय कायमचा बंद. शिवाय याचं कृतिसंशोधन लिहून जिल्ह्याच्या ऑफिसला पाठवायचं.

आता कृतिसंशोधन म्हणजे काय ते सांगतो. शिक्षकानं आपल्या वर्गातली एक अडचण घ्यायची, त्यावर उपाय करायचा, आधी चाचणी, नंतर चाचणी, आणि काय फरक पडला ते लिहायचं. ही झाली कागदावरची गोष्ट. खरी गोष्ट अशी की सगळे माझ्याकडं येतात आणि म्हणतात, जाधव सर, मागच्या वर्षीचं आहे ना, त्यात नाव बदलून द्या. मी बदलून देतो. आकडे चहा पिताना ठरतात. शेवटची ओळ मला पाठ आहे: 'विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेत लक्षणीय वाढ झाल्याचे आढळून आले.' इतक्या वर्षांत माझ्या हातून असा एकही अहवाल गेला नव्हता की ज्यात काही वाढलं नाही.

सरांनी वर्षभर खरंच केलं. वही ठेवली, तारखा टाकल्या, 'क'मध्ये शिकवताना जराही हात आखडू नये म्हणून स्वतःवरच डोळा ठेवला. मार्चअखेर पेपर झाला. आणि 'ड' मागं पडली. फार नाही, थोडीशीच, पण मागंच.

त्यांनी मला हातानं लिहिलेला अहवाल आणून दिला. त्याच दिवशी पाठवायचा होता. ते तासाला गेले आणि मी टाईप करायला बसलो. सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं. 'ड' सरासरीत मागं आहे. मात्र 'ड'मध्ये कोरी सोडलेली उत्तरं बरीच कमी झाली आहेत. अवघड गणिताला हात घालणारी मुलं वाढली आहेत, पण त्यातली बरीच चुकली आहेत. असं का झालं ते मला कळलेलं नाही, आणखी एक वर्ष पाहावं लागेल. शेवटची ओळ हीच. आणखी एक वर्ष पाहावं लागेल. कुणी दिलं असतं ते वर्ष?

मी खिडकीतून बघितलं. समोरच 'ड'चं मोकळं दार. मला वाटलं, आयुष्यभर खोटे आकडे लिहिणाऱ्यांना शाबासकी मिळाली, ती मीच टाईप करून मिळवून दिली, आणि हा एक माणूस खरं करून मरतोय. मला त्यांची इतकी कीव आली, इतका जीव तुटला, की मी दोन रकान्यांच्या वरची अक्षरं बदलली. 'क'च्या जागी 'ड', 'ड'च्या जागी 'क'. मजकुरात दोन-चार शब्द इकडचे तिकडं केले, आणि खाली माझी पाठ असलेली ओळ टाकली. पाच मिनिटांचं काम. सही घ्यायला गेलो तर सर व्हरांड्यात पोरांच्या गराड्यात उभे. कागद भिंतीला टेकवून सही केली. मी म्हटलं, एकदा बघून घ्या. म्हणाले, "तुम्ही केलंय, मी काय बघू?"

मोठे सर खूश झाले. पुढच्या वर्षी नववी-दहावीच्या सगळ्या दारांवरच्या याद्या बंद, असं त्यांनी तोंडी सांगूनही टाकलं. सर माझ्याकडं धावत आले.

"जाधव सर, मागं पडलो तरी परवानगी दिली हो! मी म्हणलं, तुम्ही समजून घेतलंत. तर म्हणाले, आकडेच तसे हायेत. म्हणजे कोऱ्या उत्तरांचा आकडा वाचला बगा त्यांनी. आपण नाहक नावं ठेवतो, माणूस मोठा हाय."

डबा माझ्यापुढं उघडा होता. तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी चटणी मागितली.

मग नांदेडला कृतिसंशोधनाचं शिबिर लागलं. निवडलेले अहवाल मांडायचे होते, त्यात सरांचा. पडद्यावरची पानं मीच केली, अहवालातूनच उचलून. मला वाटलं होतं, ते नेहमीप्रमाणे पडद्याकडं पाठ करून बोलतील. पण ते शिक्षकच. तक्ता आला की तक्त्याकडं वळले. हॉल भरलेला, पुढच्या रांगेत मोठे सर, बाजूला लॅपटॉपवर मी. सर तक्त्यापुढं उभे राहिले आणि बोलायचे थांबले.  मग वळून माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी मान खाली घातली, आणि त्यांना कळलं.

"हे रकाने उलटे पडलेत," ते माईकवर म्हणाले. "'ड' माझी. ती मागं हाय."

हॉलात हशा पिकला. व्यासपीठावर बसलेले शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, "किरकोळ आहे, टायपिंगची चूक. पुढं चला."

"किरकोळ न्हाई साहेब. सगळं ह्याच्यावरच उभं हाय. सही माझी हाय, मी न तपासता केली, म्हणून चूकही माझीच." मग जरा दम घेऊन म्हणाले, "माझी तुकडी मागं पडली. का पडली ते मला अजून कळलं न्हाई. लेकरांनी कोरी उत्तरं सोडायची कमी केली, एवढंच मी बघितलं. बाकी सांगण्यासारखं माझ्याकडं काही न्हाई." आणि खाली येऊन बसले. मोठ्या सरांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

परतीच्या एस.टी.त आम्ही शेजारी बसलो होतो. लोहा मागं पडलं. मग मीच म्हटलं, "तुमच्यासाठी केलं हो, सर. खरं पाठवलं असतं तर परवानगी मिळाली असती का?"

"नसती मिळाली."

"मग?"

"मग ते माझं हरणं असतं. मागं पडलो, ते मला कामाचं होतं. का पडलो ते हुडकायचं होतं. आज न्हाई तर दोन वर्षांनी, दुसऱ्या वर्गात. आता मी काहीही खरं सांगितलं तरी लोक म्हणतील, हा तोच, रकाने फिरवणारा." आवाज चढला नव्हता, नुसता थकला होता. "तुम्ही मला काठावर पास केलंत. मी मागितलं होतं का?"

मी माफी मागितली. ते म्हणाले, जाऊ द्या. अहमदपूरला चहा घेतला, पैसे त्यांनीच दिले, आणि मला त्या चहाची इतकी लाज वाटली की अर्धा टाकून दिला.

जूनमध्ये शाळा उघडली आणि तुकडी दहावी 'ड' झाली. पहिल्या चाचणीनंतरच्या सोमवारी मी यादी घेऊन त्या दारापाशी गेलो. अश्विनी आधीच येऊन उभी होती. मी डिंक लावून कागद दाबेपर्यंत ती थांबली. मग खालून वर वाचायला लागली, तिसऱ्या नावाला थांबली, दप्तर उचललं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. आठवड्यानं तिचे वडील भेटले. मनापासून खूश होते. म्हणाले, "आता कळतंय बगा, आमची पोरगी कुठं हाय ते."

सरांची बदली संस्थेच्या किनवटकडच्या शाळेत झाली. रानातली शाळा, वसतिगृहाची पोरं. ही शिक्षा आहे असं कुणी म्हटलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. निरोप समारंभ त्यांनी नको म्हणून सांगितलं. खरं तर कुणी आग्रहही केला नाही.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी ते कॉम्प्युटरच्या खोलीत आले. हातात तोच हातानं लिहिलेला अहवाल.

"हे पुन्हा टाईप करून द्या. हाय तसं."

"आता कुणाला पाठवता, सर?"

"जिल्ह्याला. त्यांच्या फायलीत चुकीचा कागद हाय आणि त्याच्यावर माझी सही हाय."

मी टाईप केला. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही, त्यांचं 'आणखी एक वर्ष पाहावं लागेल' सुद्धा तसंच ठेवलं. चार पानं छापली, त्यांच्यापुढं ठेवली आणि पेन पुढं केलं.

त्यांनी पेन घेतलं नाही. स्टूल ओढलं, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, आपली वही उघडून शेजारी ठेवली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. एक बोट वहीवर, एक बोट कागदावर. प्रत्येक नाव, प्रत्येक आकडा. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. बँकेत अनोळखी माणसाकडून कागद घेतला की आपण वाचतो तसं, नुसतं वाचत होते. मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरं ओरडत गेली, सुट्टी संपून परत आली. मी तिथंच उभा होतो. एकदा वाटलं म्हणावं, सर, या वेळी सगळं बरोबर आहे. पण ते माझ्या तोंडानं सांगण्यात आता काही अर्थ उरला नव्हता.

चौथ्या पानाच्या शेवटच्या ओळीवर बोट पोचलं. त्यांनी चष्मा काढला.

"बरोबर हाय," ते म्हणाले, आणि मग सही केली.